माझा बाप काही करत नाही

१९८९. ऑगस्टमधला एक मंगळवार. जर्मनच्या तासाआधी मी फळा पुसत होते. धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत आठवीच्या जर्मनच्या वर्गाचा फळा मीच पुसायचे. पाळी वगैरे लावलेली नव्हती. पहिल्या दिवशी बाईंनी फडकं माझ्या हातात दिलं आणि ते तिथंच राहिलं.

जर्मन घेणारी आम्ही मोजकी मुलं. बाकीची संस्कृतला, नाहीतर हिंदीला. जर्मनला भरपूर मार्क पडतात म्हणून डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची मुलं इकडे येत. मी वेगळ्या कारणानं आले होते. संस्कृतच्या वर्गात पहिल्याच दिवशी काही मुलींना श्लोक पाठ होते. घरातूनच. मी ते ऐकलं आणि विचार केला, जर्मन तर कोणाच्याच घरात बोलत नाहीत. डॉक्टरच्या नाही, माझ्याही नाही. सगळे एकाच रेषेवरून पळणार. मी तेरा वर्षांची होते. साक्रीकडच्या गावातल्या शाळेत पहिली आलेली. मला वाटलं, मी बरोबर निवडलं.

सुरुवातीचे दोन महिने बरोबरच होतं. आकडे, वार, रंग, फळं. माझं सगळ्यांच्या आधी पाठ व्हायचं. मग व्यवसायांचा धडा आला.

मी पुसलेल्या फळ्यावर बाईंनी शब्द लिहिले. आर्त्स्ट म्हणजे डॉक्टर. लेरर म्हणजे शिक्षक. इंजेनिअर. बाउअर म्हणजे शेतकरी. एकेकानं उभं राहून आपले वडील काय करतात ते सांगायचं. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येणार होता. मेधा उठली. तिचे वडील डॉक्टर. "माइन फाटर इस्ट आर्त्स्ट." बसली. एकेक जण उठला, फळ्यावरचा शब्द उचलला, बसला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "बाई, विहिरी खणणाऱ्याला काय म्हणायचं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "घूस!"

वर्ग हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "शांत बसा. हे बघ, तो शब्द पुस्तकात नाही. तू बाउअर म्हण."

मेधा म्हणाली, "बाई, पण हिच्याकडे शेत नाहीये."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. फीमाफीचे फॉर्म शाळेत नाव आणि बापाचा धंदा मोठ्यानं वाचून वाटत.

बाईंनी घड्याळ बघितलं. "मग असं म्हण. माइन फाटर माख्ट निश्ट्स. सोपं आहे."

"म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे, माझे वडील काही करत नाहीत. म्हण."

मी म्हटलं.

"मोठ्यानं. माख्ट. ख घशातून काढ."

मी घशातून काढला. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता जमलं." मी खाली बसले. जमलं याचा क्षणभर आनंदही झाला. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, काय करत नव्हते ते सांगते. पहारीनं आणि घणानं खडकाला भोकं पाडायची. त्यात सुरुंगाची दारू भरायची. बाकीची माणसं वर गेली की वात पेटवायची आणि दोर धरून स्वतः वर यायचं. हे आबांचं काम, कारण वात किती लांब ठेवायची ते त्यांनाच कळे. एकदा चुकलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा. त्या दिवसापासून आबांनी त्या विहिरीत उतरायचं नाही. पाण्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा खडक.

तोंडी परीक्षा जवळ आली तशी मी आमच्या भाड्याच्या खोलीवर ते वाक्य घोकायला लागले. घोकायचंच होतं. मार्क हवे होते. आबा भाकरी खात बसले होते.

"काय बोली राहिनी वं?"

"जर्मन शे, आबा."

"फाटर फाटर काय?"

"फाटर म्हंजे बाप."

आबांचा घास थांबला. "म्हंजे मना नाव शे त्यामा?"

"नाव नही. काम शे."

"काय सांगेल शे?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "मना बाप विहिरी खंदस."

चूक मी इथं केली. दुसरं काहीही सांगता आलं असतं. वाराचं नाव, फळाचं नाव. पण आबा इतके पुढं सरकून बसले होते.

"माले शिकाड."

मी तेच वाक्य शिकवलं. दोन दिवसांत त्यांना पाठ झालं. ख घशातून काढायला त्यांना माझ्याइतका त्रास झाला नाही. मग आबा ते वाक्य कामावर घेऊन गेले. विहिरीतून दगड वर ओढणाऱ्या यारीवरच्या माणसांना म्हणून दाखवलं. खोलीसमोरच्या चहाच्या टपरीवर म्हणून दाखवलं. जर्मन लोकांच्या पुस्तकात विहीर खणणाऱ्याचं वाक्य आहे, असं सांगत फिरले. माणसं त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. आबा म्हणायचे. माझा बाप काही करत नाही. माझा बाप काही करत नाही. मी ऐकत राहायचे. थांबवायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. खरा शब्द मला माहीत नव्हता. शब्दकोश बाईंच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. एकदा मागितला होता. "तुला कशाला?" एवढंच म्हणाल्या.

तोंडीच्या आदल्या दिवशी फीमाफीच्या फॉर्मवर अंगठा द्यायला आबांना शाळेत बोलावलं. स्वच्छ धोतर नेसून आले. ऑफिसातून बाहेर पडलो तर समोरून बाई येत होत्या. सोबत मेधा आणि दोन मुली. मी म्हटलं, "आबा, चला." आबांनी हात जोडले होते. बाई थांबल्या. आबा ताठ उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माइन फाटर माख्ट निश्ट्स."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी काय केलंय ते त्यांना लगेच कळलं. हेही कळलं की समोरच्या माणसाला माहीत नाही. त्या हसल्या.

"अगं बाई! उच्चार तुझ्यापेक्षा छान आहे यांचा."

मेधानं तोंडावर हात दाबला. बाकीच्या दोघींनी तेवढंही केलं नाही.

"पोरगी हुशार शे ना, बाई?" आबांनी विचारलं.

"हो, हो. अगदी तुमच्यावर गेलीय."

मी तिथं उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. आबांनी पुन्हा हात जोडले. बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि आतून पुन्हा हसू आलं, या वेळी जास्त जणांचं.

पांझरेच्या पुलापर्यंत आबा खुशीत होते. "बाई हासनी. खूश व्हयनी." पुलावर मला पुढं चालवेना. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि सांगून टाकलं. वाक्याचा अर्थ. वर्गात काय झालं ते. घूससुद्धा.

आबा मला मारतील असं वाटलं. मारलं नाही. नदीत बघत राहिले. पाणी थोडंसं होतं. म्हणाले, "यारीवरल्या बठ्ठासले सांगं मी."

यारीवरच्या सगळ्यांना. मी रडायला लागले.

"रडू नको. तुले खरं माहीत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग म्हननी कसाले?"

का म्हटलं? मार्कांसाठी, असं त्या माणसाला सांगता येईना. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या शाळेबद्दल काही विचारलं नाही, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. मी त्यांच्याजवळचं काय काढून घेतलं ते मला पक्कं माहीत आहे. ते वाक्य बाईंनी दिलं होतं, पण आबांपर्यंत पोचवलं मी.

लोक सांगतात, बाई मनानं वाईट नव्हत्या. नसतील. मी त्या तपासाला बसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी परीक्षा झाली. वर्गातच, सगळ्यांसमोर. फळा पुसलेला नव्हता. बाईंनी फडकं पुढं केलं. मी घेतलं नाही. नाव विचारलं, जर्मनमध्ये सांगितलं. वय सांगितलं. गाव सांगितलं. मग त्यांनी वडिलांचं काम विचारलं, "वास माख्ट डाइन फाटर?"

मी हात मागं बांधले. त्यांनी सुरुवात करून दिली, "माइन फाटर माख्ट..."

"हे मी म्हणणार नाही, बाई."

"मार्क जातील."

"जाऊ द्या. माझे वडील विहिरी खणतात. जर्मनमध्ये काय म्हणायचं ते तुम्ही सांगत नाही, तोवर मराठीत सांगेन. विचाराल तेव्हा सांगेन."

"वर्गाबाहेर जा."

"जर्मन मी घेतलंय. मी बाहेर जाणार नाही."

बाईंनी वहीत शून्य घातलं. मी खाली बसले, पुस्तक उघडलं आणि तास संपेपर्यंत उठले नाही.