देवळं नकोत, आकडे सांगा

माझ्या थोरल्या दिरांशी मी बोलत नाही. नातेवाईक याची कारणं वेगवेगळी देतात. कुणी घराचा वाद म्हणतं, कुणी माझा स्वभाव. खरं कारण एक जीपीएस आहे. एकदा क्रमाने सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे माझा नवरा आणि त्याचा हा भाऊ रविवारी विमान उडवत. विमान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, कापडी पंख आणि पाठीमागे घरघरणारं इंजिन; बसणाऱ्याचे पाय उघड्यावर. मी कल्याणपलीकडच्या मैदानावर नकाशा पसरून, परवान्याचा वायरलेस सेट घेऊन बसायची. पद्धत मीच लावली होती. वाटेतल्या खुणा आधी ठरवायच्या, आणि प्रत्येक खूण आली की वरून सेटवर सांगायचं. टिटवाळ्याचं देऊळ डावीकडे. रेल्वेचा पूल खाली. नदीचं वळण. मी नकाशावर पेन्सिलीने टिंब करायची. कोण कुठे आहे ते मला कायम माहीत असे.

मग दिरांनी दुबईहून हातात मावणारा जीपीएस मागवला. उपग्रहांवरून जागा ओळखून तो अक्षांश-रेखांश दाखवी. कल्याणच्या घाऊक बाजारात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते तो काढून दाखवत. मला नव्या वस्तूचं वावडं नव्हतं. खुणाही सांगू आणि आकडेही, एवढंच मी म्हटलं. मैदानावर सगळ्यांदेखत ते हसले.

"अगं, उपग्रहाला टिटवाळ्याचा गणपती माहीत नसतो. देवळं नकोत, आकडे सांगायचे."

तेव्हापासून सेट आणि नकाशा त्यांच्याकडे गेला. मला जेवणाच्या डब्यांपाशी बसायला सांगितलं.

थंडीतल्या एका सकाळी नवरा एकटा वर गेला. टिटवाळ्याच्या पुढे त्याचं इंजिन बंद पडलं. उतरता उतरता त्याने सेटवर आकडे वाचले आणि आवाज तुटला. दिरांनी ते लिहून घेतले, नकाशावर बोट ठेवलं. नदीच्या पलीकडचा काठ. खाली काय दिसतंय ते पुन्हा हाक मारून विचारा, असं मी दोनदा म्हटलं. आकडे मिळालेत, आता बडबडीत बॅटरी घालवायची नाही, असं म्हणून ते जीपकडे निघाले.

पूल ओलांडून आम्ही त्या जागी पोचलो. कापलेलं भातशेत, दोन म्हशी, बाकी काही नाही. दीर शेतातून इकडे तिकडे चालत राहिले आणि धाकट्याने वाचताना चूक केली, असं मला ऐकवत राहिले. उपग्रह चुकत नाही, माणूस चुकतो. मी जीपमधून सेट घेतला, बांधावरच्या उंचवट्यावर चढले आणि हाका मारल्या. बऱ्याच वेळाने नवऱ्याचा आवाज आला, पण बारीक. काय दिसतंय, मी विचारलं.

"नदी. तिच्यावर ऊन. डोळ्यांवर येतंय."

आमच्यासमोर नदी होती आणि ऊन पाठीवर होतं. म्हणजे तो अलीकडच्या काठावर होता, जिथून आम्ही पूल ओलांडून आलो होतो. परत पूल, परत वळसा. तो सापडला तेव्हा नळीखाली पाय अडकलेला होता आणि बूट रक्ताने भरला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. गुडघा मात्र वाकणार नाही म्हणाले. आधी आणलं असतं तर, असं बोलून ते थांबले.

दवाखान्यात नवऱ्याच्या पिशवीत जीपीएस होता. मी चालू केला आणि समजलं. आमच्या नकाशावर मिनिटं आणि सेकंद होते. यंत्र मिनिटांचे दशांश दाखवत होतं. नवऱ्याने वाचलं होतं बारा पॉइंट पन्नास, म्हणजे साडेबारा मिनिटं. दिरांनी त्याची केली बारा मिनिटं, पन्नास सेकंद. तेवढ्याने माणूस अर्धा किलोमीटरहून जास्त सरकतो. मधे नदी असली तर दुसऱ्या काठावर जातो.

मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याला आधीच कळलं होतं. छताकडे बघत तो म्हणाला, "दादाला बोलू नकोस. त्याला सहन होणार नाही."

मी गप्प बसले. दीर मात्र बसले नाहीत. नौपाड्याच्या हॉलमध्ये पुतणीचा साखरपुडा होता, तिथे व्याह्यांना ते ही गोष्ट रंगवून सांगत होते. धाकट्याने घाबरून आकडे चुकीचे वाचले, तरी आपण शोधून काढला. शेजारच्या खुर्चीवर पाय सरळ ठेवून बसलेला माझा नवरा हसून मान डोलावत होता. ती मान मला पाहवली नाही.

"भाऊजी, त्यांनी बरोबर वाचलं होतं," मी म्हटलं. "दशांशाला सेकंद तुम्ही समजलात. त्यांचा गुडघा त्यात गेला."

व्याही ताटात बघू लागले. दिरांनी मला विचारलं, विमान तू चालवतेस का. नाही, मी म्हटलं, मी फक्त माणूस कुठे आहे ते विचारते.

आम्ही रिक्षाने परतलो. घरी जिन्यापाशी मी हात पुढे केला, तो नवऱ्याने घेतला नाही. कठडा धरून, ताठ पाय बाजूने फिरवत, तो एकेक पायरी चढला. मी खाली उभी राहिले. दार उघडल्याचा आवाज आला, मग मी वर गेले.