जाड मोजे

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई हातमोजे बघत होत्या. हॉटेलात भांडी घासायला हवे होते. जाड रबरी मोजा चढवून त्यांनी काउंटरवरचा बारीक खिळा उचलून पाहिला, पण तो बोटांत येईना.

"यात चिकटलेलं कळणार नाही. मग परत घासा," असं म्हणत त्यांनी पातळ मोजे घेतले. ते लवकर फाटणार, हे त्यांनाही माहीत असणार.

"ताई, तुम्हाला कशाला हवेत?" दुकानदाराने मला विचारलं.

"सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं करायला."

साबणाच्या पाण्याने माझे हात भेगाळलेत. मोजा जाड असला की काम जरा लांब राहतं. एवढ्या दमणुकीत मला बोटांना काही कळायलाच नको होतं. मी जाड घेतले.

संध्याकाळी मोजे घालून सासूबाईंना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "नवीन बाई ठेवली का गं?"

मी मोजा काढला. भेगाळलेला हात पाठीवर ठेवला.

"तूच होय," म्हणाल्या, आणि आखडून धरलेलं अंग त्यांनी सैल सोडलं.