गाडीनं आवतन घेतलं

आधीच सांगून ठेवतो — असल्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण पटत एकही नाही. या ग्रुपवरच्या प्रत्येक अनुभवाखाली मी मनातल्या मनात "वायरिंग चेक करा" अशी कमेंट टाकत असतो. दार आपोआप करकरलं? बिजागरीत तेल घाला. पंखा आपोआप फिरला? खिडकी लावा. आणि आता माझ्या अनुभवाखाली "सेन्सर खराब असेल दादा" लिहायला जे बोटं सरसावून बसलेत, त्यांना हात जोडून विनंती... शेवटपर्यंत वाचा. सेन्सर मी बघितला. तुमच्या आधी बघितला.

मी नवीन जालन्यात राहतो. बियाण्याच्या एका कंपनीत डिस्पॅचचं काम बघतो. माझ्याकडं एक जुनी, पांढरी, छोटी गाडी आहे. सेकंडहँड. हिच्यात एबीएस-बिएबीएस काही नाही, साधी सरळ गाडी. पण तिच्यासोबत आलेलं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं आहे. हसा, घरचेही हसतात. दिव्यांचं पान तर मला तोंडपाठ आहे. लाल दिवा म्हणजे आहे तिथं गाडी बाजूला घेऊन थांबायचं. पिवळा म्हणजे चालवा, पण लवकर दाखवून घ्या. हिरवा-निळा म्हणजे नुसतं काहीतरी चालू आहे, घाबरायचं नाही. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथं बंद. इंजिन तापलं की थांबायचं, आणि गरम रेडिएटरचं झाकण बापजन्मी उघडायचं नाही.

हे घरात सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. बायको, सुनीता, म्हणते, "गाडी चालू हाय ना? मंग दिव्याला काय घेऊन बसले?" आणि आमचे वडील, अण्णा... त्यांचा तर प्रश्नच वेगळा. जन्म बैलांमागं गेला. ते म्हणतात, "बैलाला कुठं दिवे असतेत? डोळ्यात पाह्यलं की कळतंय, दुखून राह्यलं का भूक लागली ते." आता बोला!

आमचं गाव आष्टीच्या पुढं, आतल्या रस्त्याला. गेल्या वर्षी पोळ्याला आम्ही गावी गेल्तो. अण्णांचे गुडघे थकल्यामुळं त्यांनी त्याच उन्हाळ्यात बैलजोडी विकून टाकली होती, म्हणजे घरात बैल नसलेला तो पहिलाच पोळा. गोठा झाडून लख्ख केलेला, आणि आत कोणी नाही. अण्णा सारखे गोठ्यात जाऊन येत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, तो हळद-लोणी लावून मळायचा. मग बैलाला आमंत्रण द्यायचं : "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. त्या दिवशी तो पाहुणा.

तर त्या संध्याकाळी मी ओट्यावर मोबाईलला रेंज शोधत होतो. कारण लेकीचं, वैष्णवीचं, नर्सिंगच्या ॲडमिशनचं चाललं होतं आणि यादी कोणत्याही क्षणी लागणार होती. बघतो तर अण्णा वाटी घेऊन माझ्या गाडीपाशी! बॉनेटला हळद-लोणी चोळून राह्यले अन् म्हणतायत, "आज आवतन घे माय, उद्या जेवायला ये."

"अण्णा, आहो रंग खराब होतो हळदीनं!"

"पुसता येतंय," म्हणाले. "बैलावानी वझं वाहते ती. तुला काय कळतंय."

मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात यादी लागली. वैष्णवीचं नाव होतं! पोरगी नाचायलाच लागली. दोन वर्षं त्या जागेसाठी तिनं रात्रीचा दिवस केला होता. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं — उद्या दुपारपर्यंत जालन्याला कॉलेजात हजर राहून कागदपत्रं दाखवायची, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल. उद्या पोळा. त्यात अमावस्या. "अमुश्याला निघू नये," असं सुनीता हळूच म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं फक्त.

सकाळी आवरून, कागदांची फाईल मांडीवर घेऊन वैष्णवी गाडीत बसली. मागं सुनीता आणि अण्णा. नातीला कॉलेजात सोडायला अण्णांनी नवं धोतर नेसलं होतं. मी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले, जसे रोज विझतात. एक विझला नाही. लाल गोल, त्यात उद्गारचिन्ह. ब्रेकचा दिवा.

हा दिवा लागण्याची कारणं पुस्तकात दोनच. एक तर हँडब्रेक ओढलेला आहे, नाहीतर ब्रेक ऑइल कमी आहे. हँडब्रेक खाली होता. तरी वर ओढला, खाली सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. दिवा आपला ठिय्या मारून बसलेला. उतरलो, बॉनेट उघडलं, हळदीनं हात पिवळे झाले ते वेगळंच. ऑइलची डबी बघितली — दोन रेघांच्या बराबर मध्ये. तिच्या सेन्सरची पिन काढून चावी फिरवली, तरी दिवा चालू. पिन पुसून परत बसवली. चावी फिरवली. दिवा चालूच.

"चल ना बे," अण्णा मागून म्हणाले. "पेटला तर पेटू दे, उजेड पडतोय."

"अण्णा, लाल दिवा आहे तो!"

"पप्पा, जागा जाईल माझी," वैष्णवी रडकुंडीला आली.

"अहो, टिकली लावून देऊ का त्याच्यावर?" सुनीता. "दिसणारच न्हाई मंग."

"सुनीता, ती गाडी आहे, कपाळ नाही!"

पण खरं सांगतो, माझाही धीर सुटत चालला होता. इतकी वर्षं दिव्यांवर भाषणं देणारा मी — मनात म्हटलं, मरू दे, सगळं तर चेक केलंय, दिवाच येडा झालाय, निघू. हात गिअरवर गेला. सुनीतानं खरोखर कपाळावरची टिकली काढून मागून हात लांबवून दिव्याच्या काचेवर चिकटवलीसुद्धा. टिकली टपकन माझ्या मांडीवर पडली. लाल दिवा माझ्या तोंडाकडं बघतोय.

असा संताप आला! दार आपटून खाली उतरलो. पुस्तकातलं शेवटचं वाक्य राहिलं होतं, चाकांपाशी ऑइल गळतंय का बघा. पुढच्या चाकापाशी वाकलो. रिमच्या भोकांतून ओघळ आलेले, खाली मातीत तेलाचा डाग. म्हटलं, फुटला पाइप. बोट लावून वास घेतला...

ब्रेक ऑइलला करडईच्या तेलाचा वास?

दुसऱ्या बाजूला गेलो. तिथंही करडई. मागच्या दोन्ही चाकांना करडई, वर हळद.

"अण्णा... चाकात तेल कोणी घातलं?"

"म्या," अण्णा खिडकीतून म्हणाले, एकदम कौतुकानं. "काल सांजच्याला. आरं, बैलाला खांदा असतो, हिला खांदा कुठंय? वझं तर समदं चाकावर हाय. आपण बैलगाडीच्या आखाला वंगण न्हाई का घालत? चांगलं आत जाईस्तोवर वतलं."

मी सगळ्यांना खाली उतरवलं. एकटा बसून अंगणातच गाडी माणसाच्या चालीनं पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. पायाखाली पेडल घट्ट... आणि गाडी आपली आरामात पुढं. कडब्याच्या गंजीला टेकली तेव्हा थांबली.

माझा तोल गेला. "अण्णा, ब्रेकच्या चकतीला तेल लावलंत तुम्ही! हिच्या ब्रेकला! तुमची नात बसली होती आत!" अजून बरंच काही बोललो, ते इथं लिहीत नाही. अण्णा नव्या धोतरासकट गोठ्यात गेले आणि रिकाम्या गव्हाणीपाशी खाली बसले.

शेजारच्या गणपतची मोटारसायकल मागून घेतली. वैष्णवी मागं, फाईल दोघांच्या मध्ये. परतूरला जाऊन जालन्याची रेल्वे पकडायची होती. परतूरच्या अलीकडं एक लांब उतार आहे आणि खाली पूल. आम्ही उताराला लागलो आणि बघतो तर पुलावर बैलच बैल. पोळ्याची आंघोळ घालायला नदीवर आणलेले. कासरे धरून उभी एवढी-एवढी पोरं. अख्खा रस्ता अडलेला. मी ब्रेक दाबला, मोटारसायकल थांबली. एवढंच. एक पोरगं आमच्याकडं बघून हसलं आणि बैलाला बाजूला घ्यायला लागलं.

वैष्णवीनं माझा खांदा इतका गच्च धरला की नखं रुतली. "पप्पा... आपण गाडीत असतो तर..."

"गप बस," मी म्हणालो.  त्या उतारावरून आमची गाडी थेट त्या पोरांत घुसली असती.

कॉलेजात पोहोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. कागद घेतले, शिक्का मारला. जागा मिळाली.

संध्याकाळी परत आलो. अण्णा दिवसभर जेवले नव्हते. मी गाडीची चावी फिरवून बघितली, दिवा चालूच. थोड्या वेळानं अण्णा पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर आले, माझ्याकडं न बघता बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाले, "जेव माय." मग स्वतः जेवायला बसले.  

दुसऱ्या दिवशी आष्टीहून मिस्त्री बोलावला. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी मी चावी फिरवली, म्हटलं, बघ हा दिवा. सगळे दिवे लागले, सगळे विझले. ब्रेकचा पण. मी येडा ठरलो. हँडब्रेक ओढला की लागतो, सोडला की विझतो, जसा नियम आहे तसा. मिस्त्रीनं वायर तपासली, स्विच तपासला, डबी तपासली. सगळं ठणठणीत. चाकं उघडून चकत्या धुतल्या, तेल प्यालेले पॅड बदलले. हा खर्च मुकाट दिला.

"साहेब, ह्या दिव्याला दोनच गोष्टी कळतात," तो म्हणाला.

"माहीत आहे मला!" मी खेकसलोच. "हँडब्रेक आणि ऑइल."

"मंग चकतीला तेल लागलं हे त्याला कोण सांगणार? तशी वायरच न्हाई गाडीत."

तेच तर मी विचारतोय! कोण सांगणार? डबीतला स्विच चिकटला असेल म्हणावं, तर डबीची पिन काढूनही लागलेलाच होता. हँडब्रेकचा असेल म्हणावं, तर तो आधी कधी चिकटला नाही, नंतर कधी चिकटला नाही. नेमका पोळ्याच्या सकाळी लागला आणि पोळा सरल्यावर विझला. कंपनीतल्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाला दमटपणा. दुसरा म्हणाला, योगायोग. ह्याला म्हणतात शिक्षण!

अण्णांना विचारलंच नव्हतं, पण आम्ही जालन्याला निघताना त्यांनी सांगितलं. "पोळ्याला जू ठेवत न्हाईत, सुभाष. आवतन घेतलेलं होतं तिनं. बिलकुल न्हाई निघणार." एवढं बोलून घरात गेले. नंतर वर्षभर ते माझ्या गाडीच्या जवळ आले नाहीत. दवाखान्यात न्यायचं झालं तरी आधी विचारायचे, "हात लावू का दाराला?" मला कसंतरीच व्हायचं.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मीच म्हणालो, "अण्णा, हिला आवतन न्हाई द्यायचं का?"

"तुझं तूच दे," म्हणाले. "म्या न्हाई हात लावणार."

मग मीच वाटी घेतली. करडईच्या तेलाचा डबा आधीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं, ते वेगळं. बॉनेटला हळद-लोणी चोळलं. शेजारी कोणी बघत नाही ना, बघून घेतलं. घसा खाकरला. "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

"माय म्हण," मागून आवाज आला. अण्णा गोठ्याच्या दारात उभे होते.

म्हणालो. काय करणार.

आता तुम्ही विचारणार, मग यंदा पोळ्याच्या सकाळी दिवा लागला का? माहीत नाही. मी चावी लावलीच नाही. माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कोणाला खुलासा सुचला तर खरंच सांगा. त्या दिवशी गाडीचं काही काम नव्हतं, म्हणून लावली नाही. म्हणजे काम तसं होतं... वैष्णवीला जालन्याला कॉलेजात सोडायचं होतं. तिला एसटीत बसवून दिलं.