बोअरचं पाणी आणि चकचकीत गाडी

कारेगावात माझ्या खोलीसमोर राहणारे गृहस्थ रोज ऊन यायच्या आत आपली गाडी धुतात. आधी बोअरचं पाणी, मग जारचं फिल्टरचं. थेंब वाळायच्या आत बाळाचं अंग टिपावं तसं फडक्यानं टिपून घेतात. शेवटी एक डोळा मिटून बॉनेट न्याहाळतात.

"बोअरच्या पाण्याचं पांढरं डाग पडत्यात," ते म्हणाले.

"मग आप्पा, घरातही जारचंच पिता?"

"न्हाई, बोअरचंच. पोटातलं डाग कुणाला दिसत्यात?"

मागच्या महिन्यात त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोअरचं पाणी बंद केलं. आता रोज दोन जार येतात. पहिला गाडीवर संपतो. मग ते एक डोळा मिटून बॉनेट बघतात, आणि डाग दिसला नाही तरच दुसरा प्यायला आत नेतात.