पाठ दुसऱ्याची

कॉलेजसाठी मी नामपूरहून नाशिकला, आईच्या माहेरी राहायला आले, तेव्हा मखमलाबादकडे अजून फुलशेती होती आणि घरात केबल नुकतीच आली होती. घर आणि शेत आजोबांचं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मावशी आणि काका लग्नापासून तिथेच राहत. शेतात राबणं, पहाटे फुलं बाजारात नेणं, सगळं काकांकडे. मी तिथे आश्रित होते. असं कोणी म्हणत नव्हतं, मीच स्वतःला म्हणायचे. कोणी सांगायच्या आधी भांडी घासायला बसायचे आणि भाजी कितीही आवडली तरी दुसऱ्यांदा मागायची नाही. त्या घरात घास घेताना मला लाज वाटायची.

संध्याकाळी आम्ही झेंडूचे हार ओवत बसायचो आणि समोर टीव्ही चालू असायचा. एकदा आफ्रिकेतल्या गवताळ रानाचा कार्यक्रम लागला, हिंदीतून. रानटी म्हशींच्या पाठीवर लाल चोचीचे, भुऱ्या रंगाचे पक्षी बसले होते. एक तर सरळ म्हशीच्या कानात डोकं घालून गोचिड्या टिपत होता आणि म्हैस कानही हलवत नव्हती. निवेदक म्हणाला, हे पक्षी मैनेचे लांबचे नातलग. आम्हाला कौतुक वाटलं, कारण आमच्या गोठ्यातल्या म्हशीवरही साळुंक्या मालकिणीसारख्या बसून असायच्या. मग तो पुढे म्हणाला की हाच पक्षी म्हशीच्या जखमा टोचून उघड्या ठेवतो आणि रक्त पितो.

आजोबा सुपारी कातरत होते. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, “पाखरू लय हुशार हाय. सेवा करतो म्हणायचं नि रगत प्यायचं. पाठ दुसऱ्याची, त्याचं काय जातंय?”

मावशीने उगाच टीव्हीचा आवाज कमी केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी काही चोरलं नव्हतं, तरी माझे कान तापले आणि मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मैत्रिणीकडे जेवून आले असं सांगू लागले. पोटात कावळे कोकलत असायचे. नाशिकचं पाणी मानवत नाही असं आईला सांगायचं, कॉलेज सोडायचं आणि नामपूरला परत जायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

एका दुपारी काकांनी मला गोठ्यात हाक मारली. ते म्हशीच्या कानामागच्या गोचिड्या हाताने काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होते. जेवत का नाहीस, म्हणून त्यांनी सरळच विचारलं. मला खोटं सुचेना. आजोबा त्या दिवशी पक्ष्यावरून मला बोलले, असं मी सांगून टाकलं.

काकांनी म्हशीचा कान सोडला नाही. “तुला नव्हतं गं ते,” ते म्हणाले. “मला होतं. लग्न झाल्यापासून मलाच असतं. तू नात हायेस, तुझं हक्काचं घर हाय हे. जा, जेवून घे.”

त्या क्षणी मला काय वाटायला हवं होतं, ते आज कळतं. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं. अगदी मोकळं, हलकं वाटलं. काकांना एक शब्दही न बोलता मी घरात गेले आणि ताट घेऊन बसले. भाकरी, वांग्याची भाजी. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होते. पहिल्यांदाच मी त्या घरात भाजी पुन्हा मागितली. मावशीने पातेलं तिरपं केलं, तळ खरवडला आणि सगळी भाजी मला वाढली.

काका अजून जेवायचे होते. ते नेहमी सगळ्यांच्या मागून जेवत, हे मला माहीत होतं. पातेल्याचा तळही मला दिसत होता. तरी मी ताट पुढे धरलंच होतं.