डोळ्यामागची गाठ

कोटाच्या बाहीला पडलेलं भोक ती असं बुजवायची की खुद्द मालकालाही ते पुन्हा सापडू नये. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या उंच स्टुलावर तिची एकतीस वर्षं रफू करण्यात गेली. सगळे तिला रफूताई म्हणत. लग्न राहून गेलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा वर्षं तिचं सगळं हिनेच केलं, आणि आई गेल्यावर घरात बोलणारा म्हणून फक्त रेडिओ उरला. थोरला भाऊ होता, तीन तासांच्या अंतरावर. आईच्या शेवटच्या दिवसांत तो फिरकला नाही म्हणून हिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यालाही आता आठ वर्षं झाली होती.

सत्तावन्नाव्या वर्षी, एका सकाळी, राखाडी कापडाचे उभे धागे तिला मधेच वाकलेले दिसले. तिने कापड ताणलं, वर इस्त्री फिरवली. धागे वाकडेच. मग तिने उजवा डोळा झाकून पाहिला, तर डाव्या डोळ्यापुढे वरच्या कोपऱ्यात धुरकट पडदा लोंबत होता.

तीन आठवडे ती कुणाला काही बोलली नाही. मग एक दिवस लाँड्रीवाल्याने काळा कोट तिच्यापुढे धरला.

"ताई, हा दोरा निळा आहे."

तो रागावला असता तरी चाललं असतं. पण त्याने आवाज इतका खाली आणला की तिला रडू फुटायची वेळ आली. दुसऱ्याच दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली.

डोळ्याच्या मागच्या भागाला सूज आहे, असं डॉक्टर म्हणाले. थेंब दिले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिचा चेहरा भोपळ्यासारखा फुगला, झोप उडाली. दोन महिने गेले, आणि पडदा आणखी खाली आला. तेव्हा त्यांनीच तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथली डॉक्टरीण तिला लेक असती तर तेवढ्या वयाची. तिने मिटलेल्या पापणीवर गार मलम लावलं आणि पेनासारखं यंत्र फिरवलं. यंत्राच्या पडद्यावर अळंबीसारखं काहीतरी उगवलेलं दिसलं.

"मावशी, ही सूज नाही. गाठ आहे. कॅन्सरची."

"आमच्या कामात गाठ मारत नाहीत," ती म्हणाली. असं आपण का बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टरणीने सावकाश समजावलं. डोळा काढायलाच हवा असं नाही. किरण सोडणारी एक छोटी चकती, कोटाच्या बटणाएवढी, डोळ्याच्या मागच्या बाजूने बाहेरून शिवायची, चार दिवसांनी काढायची. तेवढे दिवस खोलीत एकटीने राहायचं. गाठ मरेल, पण नजरेची हमी नाही.

"कशाने शिवता?"

"दोऱ्याने. केसाहून बारीक असतो."

"मग सरळ शिवा. तिरका टाका ओढ धरतो."

डॉक्टरीण हसली आणि लगेच गंभीर झाली. "बरोबर कोण आहे तुमच्या?"

त्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. फोन वहिनीने घेतला. हिने चार वाक्यांत सगळं सांगितलं, निरोप द्या म्हटलं आणि ठेवून दिला. ऑपरेशनच्या दिवशी सोबत लाँड्रीवाला आला. सही त्यानेच केली, आणि दुकान उघडायला गेला.

खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक खुर्ची, उघडत नसलेली खिडकी. दारापासून दोन पावलं आत जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली. भेटायला येणाऱ्याने ती ओलांडायची नाही. नर्सही जेवणाचं ताट ठेवून झटकन निघून जायची. डोळ्यात खडा शिरावा तसं सतत टोचायचं. पहिले दोन दिवस आजूबाजूच्या खोल्यांतले पाहुणे येता-जाताना ऐकत तिने काढले. माणसांच्या चपलांवरून ती त्यांची वयं ओळखू लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात भाऊ उभा. केस पार पांढरे, कानात यंत्र, हातात संत्र्यांची पिशवी.

"आत येऊ नकोस, दादा! पट्टीच्या पलीकडेच थांब!"

"काय?"

"थांब तिथेच!"

तो थांबला. पिशवी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"दुखतं का?" त्याने अख्खा मजला ऐकेल अशा आवाजात विचारलं.

"टोचतं!"

"काय खातेस?"

"देतील ते!"

वीस मिनिटं ते असे एकमेकांवर ओरडत राहिले. गुडघे, वहिनीचा दमा, छतातली गळती. बाहेर कुणीतरी हसलंही. मग नर्सने वेळ संपल्याची खूण केली. भावाने पिशवी खुर्चीकडे सरकवली, खाली बघितलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलला. तिला फक्त 'आई' एवढंच ऐकू आलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही. म्हटलं, संत्री गोड आहेत."

तो गेला. उठून त्याच्यामागे दारापर्यंत जाण्याची मुभा तिला नव्हती.

गाठ आक्रसली. पण दोन वर्षांत त्या डोळ्याची नजर पूर्ण गेली. एका डोळ्याने अंतर कळत नाही. सुई दोऱ्याच्या शेजारून निघून जाते. आता ती लाँड्रीत बटणं लावते, कपड्यांवर चिठ्ठ्या टाचते. महिन्यातून एकदा भावाचा फोन येतो. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तो लवकर ठेवतो. तो काय म्हणाला होता, ते तिने विचारलेलं नाही.

रोग पसरला तर आधी यकृतात जातो, म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची तपासणी असते. ती एकटीच जाते. गेल्या खेपेला डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर एक घाबरलेली बाई शेजारी येऊन बसली.

"तुमचा कुठला डोळा?" तिने विचारलं.

"डावा."

"खोलीत एकटं ठेवतात म्हणे?"

रफूताई तिच्याकडे वळून बसली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने पलंगाचं सांगितलं, बंद खिडकीचं सांगितलं, चपलांचं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्या बाईची मुलगी चहाचे दोन कप घेऊन आली आणि आईला पलीकडच्या रिकाम्या जागेवर घेऊन गेली.