मशीनला कान लावणारा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका हापिसात मी झाडूपोछा करायची. नवरा गेलेला, घरी मी एकटीच, त्या पगारावर चूल पेटायची. तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक माणूस यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आला की गुडघ्यावर बसून मशीनच्या डब्याला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि तिच्याशीच बोलायचा, "दमलीस काय गं?" माणसांशी कामापुरतंच. जेवायचा जिन्यात, भिंतीकडे तोंड करून.

एकदा त्याने नवीन प्रोग्राम टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन रखडायला लागली. साहेब माझ्यावर खेकसला, "ओल्या फडक्याने पुसलंस ना? उद्यापासून येऊ नकोस." माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात तो आला. कान लावून बराच वेळ बसला, मग म्हणाला, "साहेब, डिस्क बरी आहे. नवीन प्रोग्रामला मेमरी पुरत नाही, म्हणून तो सारखा डिस्ककडे धावतो. टाकायच्या आधी मी बघायला हवं होतं. मावशींचा काय संबंध?"

त्याने जुना प्रोग्राम परत टाकला. मशीन पळायला लागली.

"मग तूच येऊ नको आता," साहेब म्हणाला.

माझं काम टिकलं. तो निघाला तसं मी म्हटलं, "चहा ठेवलाय, घेऊन जा."

"नको मावशी. कुणाबरोबर बसून प्यायची सवय नाही राहिली."

जिना उतरून गेला. दोन कप चहा केलेला, दोन्ही मीच प्यायले.